आमचे विद्यार्थी सध्या काय करतात

३ एप्रिल

प्रिय भिंगरी,

पत्र बघून दचकू नकोस, सगळे खुशाल आहेत. फोन मुद्दामच केला नाही. फोनवर तू ‘मजेत’ म्हणतेस आणि ठेवून देतेस. कागदावर तुला इतक्या झटपट सुटता यायचं नाही.

आपल्या तिठ्याचं काही खरं नाही. वैद्यक, संगणक आणि रचना अशा तीन रस्त्यांच्या मधोमध उभा असलेला विभाग, म्हणून आपणच विद्यार्थी असताना त्याला ते नाव ठेवलं होतं. आता मी तिथलाच मास्तर, त्यामुळे मुलांसमोर जीभ आवरावी लागते. गेल्या वर्षी जेमतेम आठ मुलं आली. या वर्षी वरून फर्मान निघालंय की दहा झाली नाहीत तर विभागाला टाळं, आणि असतील ती मुलं संगणकवाल्यांकडे वर्ग. मुलं वर्ग होतील, मी कुठे होणार? संगणकवाले म्हणतात हा वैद्यकवाला, वैद्यकवाले म्हणतात हा चित्रं काढणारा, आणि चित्रं काढणाऱ्यांनी मला बघितलेलंच नाही. माझा करार दरवर्षी नवा होतो, तोही जूनमध्ये, म्हणजे दरवर्षी मे महिना मी देव पाण्यात ठेवून काढतो.

पालक येतात ते एकच विचारतात, हे शिकून पुढे काय? म्हणून संकेतस्थळावर एक पान करायचं ठरलंय, ‘आमचे विद्यार्थी सध्या काय करतात’. मी आपली तुकडी आठवायला बसलो. एकीने पुन्हा पहिल्यापासून नर्सिंग केलं. एक विमा विकतो आणि सुखात आहे, पण ते छापता येत नाही. दोघं फोन उचलत नाहीत. मी इथेच आहे, ते तर मुळीच छापता येत नाही. राहिलीस तू. तुझ्या कंपनीचं नाव काढलं की पालक खुर्चीत सावरून बसतात. चार ओळी लिहून पाठव. तीन विभागांत दिवसभर भिंगरीसारखी पळायचीस, तशी आता माझ्यासाठी एकदा पळ.

तुझा,
मास्तर


११ एप्रिल

प्रिय मास्तर,

चार ओळी हव्यात ना, घे.

मी सकाळी ऑफिसात येते आणि पडदे ओढलेल्या खोलीत बसते. उजेड पडला तर पडद्यावरचं नीट दिसत नाही, म्हणून दिवसासुद्धा तिथे संध्याकाळच असते. समोर कुणाच्या तरी छातीचा एक्स-रे येतो. फुफ्फुसात डाग दिसेल तिथे मी माऊसने चौकोन काढते. मग पुढचा एक्स-रे. तोच एक्स-रे खोलीतल्या आणखी दोघांकडे जातो. तिघांपैकी दोघांचे चौकोन जुळले तर ते मशीनला शिकवायला जातात, तिसऱ्याचा टाकून देतात. माझा राहिला की गेला, हे मला कधी कळत नाही. एकमेकांच्या बोलण्याने मत बदलू नये म्हणून खोलीत बोलायची बंदी आहे. परवा शेजारच्या बाई निवृत्त झाल्या. त्यांचा आवाज कसा होता ते मला निरोपाच्या भाषणात कळलं.

सुरुवातीला असं नव्हतं. डॉक्टर काय म्हणतात ते संगणकवाल्यांना समजावून सांगायचं आणि संगणकवाल्यांची रड डॉक्टरांना, यासाठीच मला घेतलं होतं. मी ते काम जीव ओतून केलं. इतकं चांगलं केलं की ते दोघं आपापसात बोलायला लागले. सोयरीक जमल्यावर मध्यस्थाला कोण विचारतो? मला काढलं नाही, ही त्यांची माणुसकी. या खोलीत आणून बसवलं. त्याला सात वर्षं झाली.

सोडत का नाहीस, असं विचारू नकोस. मुलाखती देऊन झाल्या. एके ठिकाणी विचारलं, प्रोग्रॅम लिहिता का? थोडेफार. दुसरीकडे विचारलं, रुग्ण तपासता का? नाही. तिसरीकडचे साहेब भले गृहस्थ होते. कागद खाली ठेवून म्हणाले, बाई, तुम्ही नेमक्या कोण? मी उत्तर शोधतेय तोवर त्यांनी पाणी मागवलं. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, आपल्याला तर मास्तर, तीन घरचं आमंत्रण होतं.

घरी यातलं कुणाला काही माहीत नाही. दादा सगळ्यांना सांगतो, ‘आमची बहीण मशीनला डॉक्टरकी शिकवते.’ वाक्य खोटं नाही म्हणून मी पहिल्यांदा गप्प बसले, आणि मग बोलायची वेळ निघून गेली. आता नातेवाईक स्वतःचे एक्स-रे घेऊन माझ्याकडे येतात. मी ते खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंना गुपचूप दाखवते आणि त्यांचं मत आपलं म्हणून सांगते.

हे छापतोस? छाप.

भिंगरी


१६ एप्रिल

प्रिय भिंगरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचवेना. आपण दोघं असे कसे रुतलो गं?

पण रडून विभाग वाचत नाही. मी एक मसुदा केलाय, रागावायच्या आधी पुरता वाच.

‘अभ्यासक्रम पूर्ण होताच मी एका नामांकित कंपनीत रुजू झाले. डॉक्टर आणि अभियंते यांच्यातला दुवा म्हणून मी कामाला सुरुवात केली. आज माझ्या निर्णयांवरून यंत्रं शिकतात, आणि उद्या याच यंत्रांच्या मदतीने अनेकांचे आजार वेळेवर ओळखले जातील. माझ्यासमोर रोज काही नवीन येतं. हे काम एकाच विषयात शिकलेल्या माणसाच्या वाट्याला आलं नसतं.’

एकही वाक्य खोटं नाही, हवं तर भिंग घेऊन बस. रोज नवीन एक्स-रे समोर येतो की नाही?

घरात माझ्या तोंडाकडे बघणारी माणसं आहेत, हे तुला वेगळं सांगायला नको. नाही म्हणालीस तर मी समजून घेईन. पण नाही म्हणू नकोस.

मास्तर


२४ एप्रिल

प्रिय मास्तर,

मसुदा वाचून आधी हसले. मग पुन्हा वाचला आणि त्या बाईचा हेवा वाटला. किती छान चाललंय तिचं. खुलासा मागायला तिच्याकडे कुणी येत नसणार.

‘नामांकित’ काढून ‘मोठ्या’ कर, एवढंच. बाकी छाप. फोटो देणार नाही. पाच-पंचवीस माणसं वाचतील आणि विसरतील. तुला विभागातून बाहेर पडावं लागलं तर काय होईल ते मला चांगलं माहीत आहे. माझं तेच झालंय.

एक गोड बातमी. दादाची लेक, आमची ठकी, पदवीधर झाली आणि लगेच पाणी तपासणाऱ्या सरकारी प्रयोगशाळेत कायमची नोकरीही लागली. जूनअखेर रुजू व्हायचंय. काम काय, तर पाणी आणायचं, तपासायचं आणि प्यायचं की नाही ते सांगायचं. कुणी विचारलं तर एका वाक्यात सांगता येईल असं काम. फोनवर ऐकताना माझा ऊर भरून आला. आमच्या घरात एक जण तरी सुटलं.

भिंगरी


२ जून

प्रिय भिंगरी,

तोंड गोड कर. दहा झाले. मे महिनाभर नऊवर गाडी अडून बसली होती, मला तर नऊ आकडाच दिसेनासा झाला होता. काल दहावा अर्ज आला, आणि वरच्यांनी लगेच विभाग चालू ठेवायच्या कागदावर सही केली, वर्ग सुरू होईपर्यंत दहा टिकले पाहिजेत या अटीवर. माझा करारही झाला. घरी गेलो तर आई म्हणाली, आज तुझी चप्पल वाजली नाही. मी म्हणे रोज पाय ओढत येतो.

दहावा कोण, कुठला, ते विचारू नकोस. हुशार आहे, एवढं सांगतो. तुझ्या पानाचा गुण आहे हा. आलेल्यांपैकी बहुतेकांनी तेच वाचलं होतं.

तुझे उपकार कसे फेडू ते कळत नाही.

मास्तर


९ जून

प्रिय आत्या,

मी पत्र लिहितेय म्हणून हसू नकोस. सर म्हणाले, तुझ्या आत्याला फोनवर गाठण्यात अर्थ नाही, तिला लिही. म्हणून लिहितेय, आणि बातमी अशी आहे की पाय दुमडून बसून वाच.

मी तुझ्या विभागात प्रवेश घेतला.

तुझं पान मला मैत्रिणीने दाखवलं. नाव वाचलं आणि म्हटलं, ही तर आमचीच. रात्री जेवताना मी ते सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. बाबा जेवायचे थांबले. त्यांना तुझं काम एवढं मोठं आहे हे माहीतच नव्हतं, तू कधी बोलत नाहीस ना. मला म्हणाले, पुन्हा वाच. आईने त्याचा कागद काढून आणून कपाटाच्या दारावर लावलाय.

मग मी विचार केला. पाण्याच्या बाटल्या भरत जन्म काढायचा की तुझ्यासारखं काहीतरी करायचं? बाबा आधी कुरकुरले, लागलेली नोकरी सोडू नये म्हणाले. मी म्हटलं, आत्याने असाच विचार केला असता तर? त्यावर ते तयार झाले. सर तर फारच चांगले आहेत. मी कुणाची भाची ते कळल्यावर तासभर बोलत बसले.

प्रयोगशाळेला नकार महिनाअखेरपर्यंत कळवायचाय. तुझा आशीर्वाद आला की पाठवते.

तुझी,
ठकी


१२ जून

मास्तर,

‘प्रिय’ लिहिणार नाही आज.

तुला माहीत होतं. ठकी तुझ्यासमोर तासभर बसली होती. तिला नोकरी लागल्याचं मी तुला एप्रिलमध्ये लिहिलं होतं. तू तिला ओळखलंस, ती काय सोडायला निघालीय ते तुला ठाऊक होतं, आणि तू मला लिहिलंस, तोंड गोड कर.

खोलीत बसले होते. एक्स-रे येत होते आणि मी चौकोन काढत होते. कुठे काढले देव जाणे, बाकीच्या दोघांवर सोडले. कपाटाच्या दारावर माझा कागद लावलाय म्हणे. वहिनी साडी काढताना रोज वाचत असेल.

आता मी काय करू सांग. गप्प बसले तर ठकी दोन वर्षांनी एखाद्या साहेबासमोर बसेल आणि तो तिला विचारील, तुम्ही नेमक्या कोण? खरं सांगितलं तर ती परत जाईल, नऊ उरतील, तुला टाळं लागेल. आणि दादाला कळेल की सात वर्षं बहिणीने त्याला बनवलं. तिन्हीकडून अडकलेली मीच. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये उभं राहायला जी जागा होती तिथे माझ्या हाताने भाचीला आणून उभी केली.

तुझ्यावर राग आहे. स्वतःवर त्याहून जास्त आहे. ‘नामांकित’चं ‘मोठ्या’ केलं तेवढं बघितलं मी, बाकीचं बघितलं नाही.

भिंगरी


१५ जून

भिंगरी,

हो, माहीत होतं. अर्जावरच्या नावावरून नाही कळलं. समोर बसली आणि तुझ्यासारखी मान तिरकी करून ऐकायला लागली, तेव्हा विचारलं.

त्या तासाभरात कितीदा तरी ओठांवर आलं, पोरी, घरी जा. प्रत्येक वेळी माझं वय आठवलं, आईच्या औषधांची पिशवी आठवली, धाकट्याची शाळा आठवली. मग मी तिला अभ्यासक्रमाबद्दल सांगत राहिलो. चांगलं सांगितलं. मी हे काम चांगलं करतो, तेवढंच एक करतो.

तुझी बाजू बरोबर आहे. माझी बाजूच नाही, नुसती भीती आहे. तिला तू सांग. तू सांगितलंस तर मी अडवणार नाही, आणि ती निघून गेली तर तुला दोष देणार नाही. मी स्वतः सांगण्याइतका धीर माझ्यात नाही. असता तर मी इथे नसतो.

मास्तर


१८ जून

प्रिय ठकी,

हे पत्र आधी एकटी वाच. मग हवं तर सगळ्यांना दाखव.

त्या पानावर लिहिलंय ते काम मी करत नाही. म्हणजे शब्द खरे आहेत, पण ते असे निवडलेत की खरं झाकलं जावं. ते सरांनी निवडले आणि मी होकार दिला. मी एका अंधाऱ्या खोलीत बसून एक्स-रेवर चौकोन काढते. सात वर्षं तेच करतेय. ते काम करायला दोन वर्षांचं शिक्षण लागत नाही, दोन आठवड्यांचं पुरतं. आमच्यात परवा आलेली मुलगी बारावी झालीय आणि तिचा हात माझ्यापेक्षा जलद आहे. मी दुसरीकडे प्रयत्न केले. तीन विषय थोडे थोडे येणाऱ्या माणसाला कुणी दारात घेत नाही. तुझ्या वाट्याला वेगळं येईलही, पण मी ज्यांना ओळखते त्यांच्यातल्या कुणाच्या आलेलं नाही.

गेल्या वर्षी तुझ्या मामांचा एक्स-रे मी बघितला होता ना, ते निदान खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंचं होतं. मी फक्त फोनवर सांगितलं.

हे लिहिताना मला लाज वाटतेय. तुझ्या बाबांना काय वाटेल, या विचाराने झोप लागत नाही. पण तुझी नोकरी जाण्यापेक्षा माझी अब्रू गेलेली बरी.

प्रयोगशाळेत रुजू हो. ती बाटल्या भरायची नोकरी नाही. लोक काय पितील ते तू ठरवणार आहेस, आणि तू कोण असं तुला कुणी विचारणार नाही. नकार पाठवू नकोस. एवढं एकच माझं ऐक.

तुझी,
आत्या


२६ जून

प्रिय आत्या,

तुझं पत्र मिळालं. एकटीने वाचलं आणि खरं सांगते, आधी घाबरले.

मग बाबांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं आणि हसायलाच लागले. म्हणाले, हिचं लहानपणापासून असंच. वर्गात पहिली आली तरी घरी येऊन सांगायची, पेपर सोपा होता. डॉक्टरीणबाईंचं सांगितलं तर म्हणाले, जाणती माणसंच दुसऱ्याचं मत घेतात, अर्धवट असतो तो घेत नाही. आई म्हणाली, तिला दृष्ट लागायची भीती वाटत असेल, तो कागद कपाटाच्या आतल्या बाजूला लावू या. लावलाय.

तरी माझ्या मनात राहिलंच, म्हणून पत्र घेऊन मी सरांकडे गेले. त्यांनी ते उभ्या उभ्या वाचलं. दार लावून घेतलं. मग म्हणाले, ‘तुझी आत्या म्हणते ते अक्षरन् अक्षर खरं आहे. आणि तिने लिहिलं नाही तेही ऐक. तू दहावी आहेस, विभाग वाचावा म्हणून मी तुला तासभर गोड बोलून बसवलं. प्रवेश रद्द करायचा अर्ज दे, मी आत्ता सही करतो.’ कागदही पुढे ठेवला.

आत्या, मी तेव्हा क्षणभर डगमगले होते. पण घरी येताना सगळं लक्षात आलं. ज्या विभागाला मुलं मिळत नाहीत म्हणून सगळे बोलतात, तिथले सर आलेल्या मुलीला स्वतःहून परत पाठवतील? स्वतःची नोकरी घालवून? असं कुणी करतं का? तुम्ही दोघं जुने मित्र. मी नुसती हौसेने येतेय की खरंच पक्की आहे, ते तुम्ही मिळून बघत होतात. बाबांनाही पटलं. म्हणाले, चांगल्या ठिकाणी असं पारखूनच घेतात.

म्हणून दुसऱ्या दिवशी मी सरांना सांगितलं, मी माघार घेणार नाही. त्यांनी मला समोर बसवलं. मग म्हणाले, तू अजून विचार कर. मी म्हटलं, झाला. प्रयोगशाळेला नकार आदल्या दिवशीच कळवला होता. त्यांनी ती जागा यादीतल्या पुढच्या मुलीला दिलीसुद्धा.

आता तरी मनापासून आशीर्वाद दे. तुझं नाव राखीन.

तुझी,
ठकी


१ जुलै

प्रिय मास्तर,

ठकीचं पत्र आलं. तू तिला सांगितलंस. धीर नाही असं लिहिणाऱ्या माणसाने दार लावून, नोकरी पणाला लावून सांगितलं. मी बारा तारखेला जे बोलले त्यातलं निम्मं मागे घेते. निम्मं राहू दे, ते तुझ्या हक्काचं आहे.

पत्र मिळाल्यावर लगेच मी दादाला फोन केला. सगळं पुन्हा सांगितलं, खोलीचं, चौकोनांचं, मुलाखतींचं. आवाज चढवून सांगितलं, रडले. तो शांतपणे ऐकत होता. शेवटी म्हणाला, ‘बरं बाई, तू काहीच करत नाहीस, आम्ही समजलो. दमली आहेस, चार दिवस घरी ये.’ मग वहिनीला हाक मारून म्हणाला, बोल हिच्याशी, पोरीच्या काळजीने काहीतरी बोलतेय. मास्तर, मी मोठी आहे असं मी इतक्या वर्षांत त्यांना कधी सांगितलं नाही. फक्त नाही म्हटलं नाही. आता हजारदा म्हटलं तरी त्यांना ऐकू येत नाही.

प्रयोगशाळेत मी स्वतः जाऊन आले. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, ती जागा भरली. पुढच्या वेळी अर्ज करा म्हणाल्या. कधी निघेल विचारलं, तर म्हणाल्या, जाहिरात बघत राहा.

तुझा विभाग राहिला. त्याबद्दल तुला शाबासकी द्यायला माझा हात पुढे येत नाही, पण तू तिथे राहिलास ते बरं झालं. तिथे दुसरा कुणी असता तर त्याने तिला सगळ्याचं थोडं थोडं शिकवून बाहेर काढलं असतं, आपल्याला काढलं तसं. तू तसं करायचं नाहीस. तिन्हीतला एक विषय निवड, कुठलाही, तिला आवडेल तो, आणि तो तिला तळापासून शिकव. वेळापत्रकात बसत नसेल तर तास संपल्यावर शिकव. कुणी विचारलं तू कोण, तर तिला एका शब्दात सांगता आलं पाहिजे. ती कंटाळेल, म्हणेल आत्या तर तिन्ही शिकली होती. म्हणू दे.

उद्यापासून वर्ग सुरू होतात ना? तूच एकदा म्हणाला होतास, शिकवताना मला मुलांच्या डोळ्यांत बघवत नाही, खिडकीबाहेर बघून बोलतो. ठकी पहिल्या बाकावर बसेल, तिची सवयच आहे. तिच्याकडे बघून शिकव.

भिंगरी